यादीबाहेरची वाडी

रायगड जिल्ह्यातील इर्शाळगडाच्या उतारावर वसलेली ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ताच राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. हा खुलासा सरकारच्या बचावाचा नव्हे, तर यादीच्या अपुरेपणाचा पुरावा ठरतो.

त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीणमध्ये १५१ जणांचा बळी गेला होता. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळियेत ८० हून अधिक जण दगावले. प्रत्येक दुर्घटनेनंतर सर्वेक्षणाच्या घोषणा झाल्या. मात्र यादी ही केवळ भूगर्भशास्त्राची बाब नाही. गावाचे नाव यादीत आले की पुनर्वसनाची जबाबदारी येते. जागा शोधावी लागते, वनजमिनीचा प्रश्न उभा राहतो आणि भातखाचरांपासून दूर जाण्यास ग्रामस्थ तयार नसतात. हा वाद ओढवून घेण्यापेक्षा पावसाळ्यापुरत्या स्थलांतराच्या नोटिसा बजावणे प्रशासनाला सोपे वाटते.

पैशाची विभागणीही बोलकी आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने आपत्ती निधीचा ८० टक्के वाटा मुख्यतः आपत्तीनंतरच्या कामांसाठी, तर २० टक्के वाटा धोका कमी करण्यासाठी ठेवला. त्यामागे राजकीय हिशेबही आहे. मदत जाहीर करणारा मंत्री जनतेला दिसतो. टळलेली दरड कोणालाच दिसत नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि सहअध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांकडे असते. इर्शाळवाडी गाडली गेली तेव्हा राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांच्या निवडणुका रखडल्या होत्या आणि कारभार प्रशासक पाहत होते. धोक्याचा निर्णय घेणाऱ्या यंत्रणेत लोकप्रतिनिधींना असलेली जागा अशा वेळी नावापुरतीच उरते.

पुनर्वसन झाले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. एप्रिल २०१७ मध्ये नव्या माळीणचे लोकार्पण झाले आणि त्याच जूनमधील पहिल्या पावसात तेथील रस्ते व गटारे खचली. घाईने निवडलेली आणि सपाट केलेली जागा नवा धोका निर्माण करू शकते, हा त्याचा धडा आहे.

दरडप्रवण गावांची यादी दर पावसाळ्यापूर्वी कारणांसह जाहीर व्हावी आणि ती ग्रामसभेत वाचली जावी. एखादी वाडी यादीतून वगळली असेल, तर ती कोणी व कोणत्या पाहणीच्या आधारे वगळली, याची नोंद असावी. अशी नोंद असेल तरच दुर्घटनेनंतर कोणाला तरी उत्तर द्यावे लागेल. तोवर यादीत नाव नसणे हे सरकारसाठी निमित्त राहील आणि डोंगरउतारावरील कुटुंबांना त्याची किंमत मोजावी लागेल.