लहान रुग्णालयाला पक्का तंत्रज्ञ हवा

८ नोव्हेंबर हा जागतिक रेडिओग्राफी दिन. १८९५ साली याच तारखेला रॉन्टजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. यंदा या निमित्ताने आपण रेडिओग्राफर आपल्यामागून येणाऱ्यांकडे पाहू या. बारावी सायन्स करून शिरूर, दौंडकडच्या गावांतून एक्स-रेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणारी ही मुले-मुली. त्यांच्याबद्दल आमचे म्हणणे स्पष्ट आहे. रुग्णालय जितके लहान, तितका तंत्रज्ञ अधिक तयारीचा हवा. आणि तो तिथल्याच एक्स-रे रूममध्ये, अनुभवी हाताखाली तयार व्हायला हवा.

पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात नवशिका अडला तर हाकेच्या अंतरावर सीनियर असतो, रेडिओलॉजिस्ट असतात. तालुक्याच्या गावी रात्रपाळीला बहुधा दोघेही नसतात. शिरूरला नगर रस्त्यावरचे अपघात येतात, रांजणगावच्या कारखान्यात मशीनमध्ये सापडलेला हात येतो. दौंडला सोलापूर रस्ता आहे, रेल्वे जंक्शन आहे, कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. गाळप सुरू झाले की उसाच्या ट्रॉलीवरून पडलेले आणि ट्रॉलीला धडकलेलेही येतात. शिरूरचे ग्रामीण रुग्णालय असो, दौंडचे उपजिल्हा रुग्णालय असो की पेठेतला हाडांचा दवाखाना, फिल्म प्रथम पाहतात ते ड्युटीवरचे डॉक्टर. मानेच्या लॅटरलमध्ये सातवा मणका आलाच नसेल, तर त्याची इजा त्यांना दिसणार कशी? तो खांद्यांआड गेला आहे हे ओळखून स्विमर्स व्ह्यू सुचवणारा तंत्रज्ञ तिथे हवा. रुग्णाला इथेच ठेवायचे की ससूनला पाठवायचे, हे अनेकदा त्या फिल्मवर ठरते.

छातीचा एक्स-रे सगळ्यात सोपा समजला जातो. ट्यूब १८० सेंटीमीटरवर, हनुवटी वर, खांदे पुढे, म्हणजे स्कॅप्युला फुप्फुसांवरून बाजूला होतात. दोन्ही क्लॅव्हिकलची आतली टोके स्पायनस प्रोसेसपासून सारख्या अंतरावर हवीत, नाहीतर छाती फिरलेली. श्वास अर्धवट घेतला तर निरोगी फुप्फुसाच्या तळाशीही डाग असल्यासारखे वाटते. ‘श्वास घ्या, रोखून धरा’ हे मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड आजीला आणि बिहारहून आलेल्या कामगाराला, दोघांनाही समजेल असे सांगता आले पाहिजे. याचे मोल किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण छातीचा एक्स-रे काढला नसता तर निसटले असते. आता क्षयरोग मोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रे गावोगावी जात आहेत. त्यांच्यामागे उभा राहणारा माणूस तितकाच तयार हवा.

डिजिटल यंत्रांनी शिकवणाऱ्यांवर नवी जबाबदारी टाकली आहे. फिल्मच्या काळात एक्स्पोजर जास्त झाले की फिल्म काळी पडे आणि चूक तिथल्या तिथे कळे. डीआरवर जादा एक्स्पोजरची प्रतिमा उलट अधिक स्वच्छ दिसते. त्यामुळे एमएएस नकळत चढत जातो आणि जादा मात्रा रुग्णाच्या शरीरात जाते. प्रत्येक प्रतिमेनंतर एक्स्पोजर इंडेक्स पाहणे, कोलिमेशन आधीच नीट करणे, पडद्यावर कडा कापून वेळ मारून न नेणे, बाईला गरोदरपणाबद्दल एकांतात विचारणे, या सवयी पहिल्या महिन्यातच लागतात. नंतर लावायला फार कष्ट पडतात.

२०२१ च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात तंत्रज्ञाच्या पदविका-पदवीसाठी किमान २,००० तासांचे शिक्षण सांगितले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, तिचा गाभाच मुळी स्थानिक गरज आणि स्थानिक आस्थापनेतले प्रत्यक्ष काम हा होता. आपल्या विषयाला ही रचना नेमकी लागू पडते. फिजिक्स, अॅनाटॉमी कॉलेजात. पोझिशनिंग तालुक्याच्या रुग्णालयात. मात्र तास कागदावर भरून चालणार नाहीत. वर्षभर नावे नोंदवायला आणि कॅसेट उचलायला लावलेला विद्यार्थी काही शिकत नाही. आणि रात्री मशीनवर एकटा सोडलेला विद्यार्थी स्वतःला व रुग्णाला, दोघांनाही धोक्यात घालतो. अणुऊर्जा नियामक मंडळाला यंत्रावर पात्रताधारक माणूसच अपेक्षित आहे.

म्हणून शिरूर-दौंडच्या सर्व रेडिओग्राफर बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. एका वेळी एक विद्यार्थी घ्या. त्याची वही ठेवा: पाहिलेले, मदत केलेले आणि तुमच्या देखरेखीखाली स्वतः केलेले एक्स-रे, असे तीन रकाने. रिपीट झालेल्या प्रत्येक एक्स-रेचे कारण त्याच्याकडून लिहून घ्या. मूल धरायला दर वेळी त्याला पुढे करू नका. नातेवाइकाला लेड अॅप्रन घालून उभे करा. कॉलेजांनी प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या नावाचा टीएलडी बॅज द्यावा आणि शिकवणाऱ्या तंत्रज्ञाला मानधन द्यावे, कारण शिकवणे हेही काम आहे. पालकांनी फी भरण्याआधी अभ्यासक्रमाची मान्यता तपासावी आणि मुलगा-मुलगी कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या हाताखाली शिकणार हे लेखी मागावे.

आपल्यापैकी बहुतेकांना कुणीतरी हात धरून शिकवले, तेव्हा आपण उभे राहिलो. शिरूरच्या मुलीला शिरूरमध्येच तसे शिकता आले, तर तिथल्या रुग्णाला चांगली फिल्म मिळेल आणि तिला गावाजवळ मानाची नोकरी मिळेल. हे घडवणे आपल्या हातात आहे, आणि येत्या सत्रापासून सुरू करता येण्यासारखे आहे.