कंदुरीची चूल विझवू नका

थंडी पडली की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. तंबूत मुक्काम, रात्री शेकोटी, चुलीवरचं गावरान मटण, ज्वारीची गरम भाकरी. माणशी इतके रुपये, आगाऊ बुकिंग करा. फोटोत तीन दगडांची चूल आणि तिच्याभोवती शहरातून आलेली पोरं. त्या पोरांवर माझा राग नाही. उघड्या आभाळाखाली चार घास खावेसे वाटणं चांगलंच आहे. राग आपल्यावर आहे. जी चूल आपल्या धाराशिव जिल्ह्यात फुकट पेटत होती, ती आपण स्वतःच्या हाताने विझवतोय आणि तीच पैसे मोजून विकत घेतोय.

रानात जाऊन जेवायला आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या आली की लातूर-धाराशिवकडची गावं रिकामी होतात. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आणि शेतावरून जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. शेत असलेल्या मुसलमान घरांतही त्या दिवशी भज्जी शिजते. पुढे हुरड्याचे दिवस येतात, आगटी पेटते. ही सगळी शाकाहारी बाजू. मटणाची बाजू म्हणजे कंदुरी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोर आजारातून उठलं, विहिरीला पाणी लागलं, लेकीला मूल झालं, की पिराला बोललेला नवस फेडायचा. नवस बोलणारा बहुतेक वेळा हिंदू शेतकरी. बकरा त्याचा, पीर गावाचा, आणि अल्लाहचं नाव घेऊन सुरी चालवणारा मुलाणी. हा मुलाणी बाहेरून आलेला कुणी नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त तो गावाच्या कारभाराचा भाग म्हणून आलेला आहे. त्याचा वाटा ठरलेला, त्याचा मान ठरलेला.

मग दर्ग्याशेजारच्या रानात चर खणायचा, त्यावर हंड्या चढवायच्या. खाली बाभळीची लाकडं, पेटवायला तुराट्या. आधी हळद-मीठ घालून मटण शिजवायचं आणि आळणी पाणी लेकरांना, म्हाताऱ्यांना वाटीवाटीने प्यायला द्यायचं. मग भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, काळा मसाला. रश्शाला तर्री आली की वास वेशीपर्यंत जातो, आणि तेच आमंत्रण. घराघरांतून भाकऱ्यांच्या दुरड्या येतात. माळकऱ्यांसाठी चूल वेगळी, तिच्यावर येसर आमटी. मलिद्यावर फातिहा होते, मग पंगत. पंगतीत कुणी कुणाला ‘तू कोण’ असं विचारत नाही, ‘भाकरी घे’ म्हणतो.

जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं. इथल्या काळ्या शेळीचं नाव मात्र अजून उस्मानाबादीच आहे. ही शेळी बहुतेक वेळा जुळी देते, म्हणून भूमिहीनाच्या दारात ती बँकेसारखी उभी असते. ती पाळणारी बाई कधी धनगराची, कधी बौद्धाची, कधी मुसलमानाची. ती विकली जाते बाजारात आणि शिजते कंदुरीत. म्हणजे ही चूल नुसती भक्तीची नव्हे, गरिबाच्या पोटापाण्याचीही आहे.

आज या चुलीवर दोन्हीकडून पाणी ओतलं जातंय.

एक बाजू सगळ्यांना दिसते. मार्च २०२५ मध्ये राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी ‘मल्हार’ प्रमाणपत्र जाहीर केलं. मटण झटक्याचं आणि विकणारा हिंदूच. नावाला जेजुरीतल्याच काही ग्रामस्थांनी आक्षेप घेतला, तो भाग वेगळा. झटक्याचं कुणाला खायचं असेल तर जरूर खावं. हिंदू खाटीक समाज महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या आहे, त्यांच्या धंद्याला आमची कधी ना नव्हती. पण मुसलमानाच्या हातचं नको, हे ज्याला गावात रुजवायचं आहे त्याने एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. तुमच्या आजोबांनी ज्या पिराला बकरा बोलला आणि मुलाण्याला स्वतः बोलावणं धाडलं, ते आजोबा काय अडाणी होते? त्यांना आपला धर्म कळत नव्हता? त्यांना तो तुमच्याहून चांगला कळत होता, म्हणूनच तो एका सुरीने बाटला नाही.

दुसरी बाजू आपली आहे, आणि तिच्याबद्दल आपण गप्प बसतो. आपलेच काही भाऊ गावोगाव सांगत फिरतात की कंदुरी शिर्क आहे, मलिदा बिदअत आहे, त्या पंगतीला बसू नका. मी आलिम नाही. पण इतकं मलाही कळतं की अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या नावाने कापलेलं हराम आहे. तर मग कंदुरीत सुरी कुणाच्या नावाने चालते? बिस्मिल्लाह म्हणूनच ना? नवस पिराला बोलू नये, मागायचं ते अल्लाहकडे मागावं, हे समजावून सांगा. आमची हरकत नाही. बकरा अल्लाहसाठी कापा, जेवण गावाला घाला, सवाब त्या बुजुर्गाच्या रूहला पोहोचवा. नियत सुधारायची सोडून पंगतच मोडायची, हा कुठला सुधार? हजरत इब्राहिमच्या दारात अनोळखी पाहुणे आले तेव्हा त्यांनी आधी भाजलेलं वासरू समोर ठेवलं. ओळख नंतर झाली. कुराणात हा प्रसंग एकदा सोडून दोनदा आलाय. आपण मात्र पाहुण्यांना सांगतोय की आता येऊ नका, आणि आम्हीही येणार नाही.

गंमत पाहा. मुलाणी नको म्हणणारा आणि कंदुरी नको म्हणणारा एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण दोघांचं काम एकच होतंय. गावात वर्षातून एकदा एका रश्शात भाकरी बुडवणारी माणसं वेगळी होतायत.

जुनी पंगत म्हणजे स्वर्ग होता, असं मी म्हणत नाही. दलितांना त्याच पंगतीत लांब बसवलेलं आहे, हे विसरून चालणार नाही. मोठेपणासाठी कर्ज काढून पाच-पाच बकरे कापणारेही आहेत, आणि दर्ग्यामागे बाटली उघडणारेही. हे सगळं बंद झालं पाहिजे. बकरा एकच असू द्या, ऐपत नसेल तर नुसता मलिदा असू द्या, आणि पंगत एकच ओळ असू द्या. पण घरात उंदीर झाले म्हणून कुणी घर जाळत नाही.

आता तंबूवाल्यांकडे येतो. चूल तीच, मटण तेच, भाकरी तीच. फरक फाटकाचा आहे. तिथे पैसे भरलेला आत आणि वास घेणारा बाहेर. कंदुरीत वास घेणारा हाच पाहुणा असतो. आपली पोरंही आता मित्रांबरोबर ‘कॅम्पिंग’ला जातात, कोंबडी भाजतात, प्लॅस्टिक तिथेच टाकून येतात. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. येडशी-रामलिंगचं रान अभयारण्य आहे, तिथे जाळ करणं गुन्हा आहे. नळदुर्गचा किल्ला आपल्या साऱ्यांचा वारसा आहे, त्याच्या दगडांची चूल करायची नसते. आणि जाळ करायचाच असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर करा, त्याला विचारून. पहिलं ताट त्यालाच वाढा.

यंदा माझ्या वाचकांनी एवढंच करावं. कुणा हिंदू शेजाऱ्याने कंदुरीचं बोलावणं दिलं तर सबब सांगू नका, जा. मुलाणी म्हातारा झाला असेल तर त्याच्या नातवाला सोबत न्या, त्याला हंडी कशी चढवतात ते पाहू द्या. हिंदू वाचकांनो, तुमच्या घरात पिराचा नवस राहिला असेल तर फेडा, आणि नवस नसेल तर नुसतं जेवायला बोलवा. आम्ही भाकरीच्या दुरड्या घेऊन येऊ.