खेळाडूला शाल नको, खुर्ची द्या. पण खुर्चीचं काम शिकवून द्या!

पनवेल, उरण, पेण, अलिबाग. कुठल्याही कबड्डी स्पर्धेचं बक्षीस वितरण बघा. स्टेजवर मधल्या खुर्च्यांवर पुढारी. कडेला कुठेतरी एकेकाळी जिल्हा गाजवलेला चढाईपटू. त्याला शाल-श्रीफळ, दोन मिनिटं कौतुक आणि जय महाराष्ट्र. संघ कोण निवडणार, पैसा कुठे खर्च होणार, हे ठरवताना मात्र त्याची आठवण कुणालाच येत नाही.

यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, ‘कारभार खेळाडूंच्या हातात द्या.’ मागणी बरोबर आहे, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी सांगायला दोन माणसं आठवतात. एक आपला मराठी, दुसरा सर्बियाचा.

पहिले अजित वाडेकर. १९७१ साली त्यांच्या कप्तानीखाली आपण आधी वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकलो. तीन वर्षांत चित्र पालटलं. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात ३-० अशी धुलाई झाली, लॉर्ड्सवर डाव ४२ धावांत आटोपला. ज्यांना डोक्यावर घेतलं त्यांनाच लोकांनी शिव्या घातल्या. वाडेकरांचं क्रिकेट तिथेच संपलं.

पण माणूस संपला नाही, कारण हातात स्टेट बँकेची नोकरी होती. तिथे ते मोठ्या हुद्द्यापर्यंत चढले. नव्वदच्या दशकात भारतीय संघाचे मॅनेजर झाले तेव्हा क्रिकेट तर त्यांना येतच होतं, शिवाय माणसं सांभाळायची, कागद वाचायचा, वर जाब द्यायचा, ही सवयही होती. कप्तान अझरुद्दीन आणि मॅनेजर वाडेकर या जोडीने १९९३ मध्ये इंग्लंडला घरच्या मैदानावर ३-० ने हरवलं. म्हणजे १९७४ चा हिशोब बरोब्बर चुकता.

२७ मार्च १९९४, ऑकलंड. सिद्धूची मान आखडलेली. सचिन सलामीला जायचा हट्ट धरून बसलेला. कप्तान आणि मॅनेजरने होकार दिला आणि पोराने ४९ चेंडूंत ८२ ठोकल्या. मॅनेजरचं काम म्हणजे हेच. प्रत्येक अक्कल आपणच लढवायची नाही, दुसऱ्याची वेळेवर ओळखायची.

सगळं गोडच होतं असं नाही. १९९६ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात कोलकात्याला टॉस जिंकून आधी क्षेत्ररक्षण घेतलं, आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण पुढे निवड समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलंच. खेळाडू, कप्तान, मॅनेजर, निवड समिती अध्यक्ष. ही चारही कामं केलेली माणसं आपल्याकडे बोटावर मोजण्याइतकी.

आता दुसरा. व्लादे दिवाच. बास्केटबॉलवाला. १९८९ मध्ये युरोपातून अमेरिकेच्या एनबीएमध्ये गेला. १९९६ मध्ये लेकर्सने त्याला शार्लटला देऊन बदल्यात एक सतरा वर्षांचा पोरगा घेतला. नाव कोबी ब्रायंट! हा सौदा करणारा जेरी वेस्ट, तोही जुना खेळाडू आणि मग मॅनेजर. दिवाच नंतर सॅक्रामेंटो किंग्जचा लाडका झाला. हा किंग्ज संघ २०१३ मध्ये विकत घेणाऱ्या गटाचे प्रमुख विवेक रणदिवे. मुंबईत वाढलेला माणूस. २०१९ मध्ये हाच संघ वरळीला दोन सामने खेळून गेला.

रणदिवेंनी २०१५ मध्ये संघाचा कारभार दिवाचच्या हाती दिला. लोक खूश. आपला माणूस आला! पण २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, किंग्जकडे दुसरा नंबर होता. युरोपातलाच लुका डॉन्चिच उपलब्ध होता. दिवाचने निवडला मार्विन बॅगली. डॉन्चिच डॅलसकडे गेला आणि जगातल्या पहिल्या काही खेळाडूंत जाऊन बसला. दिवाचच्या पाच वर्षांत किंग्ज एकदाही प्लेऑफला पोचले नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये त्याने पद सोडलं.

दिवाच काही कच्चा खेळाडू नव्हता. २०१९ मध्ये त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं. पण खेळण्याची नजर वेगळी आणि दुसऱ्याचा खेळ पारखून त्यावर पैसा लावायची नजर वेगळी. पहिली मैदानात मिळते, दुसरी कमवावी लागते.

कुणी म्हणेल, म्हणून मग पुढारीच बरे. अजिबात नाही! दिवाच चुकला तर त्याचा हिशोब निकालाच्या तक्त्यावर दिसला आणि त्याला जावं लागलं. आपल्याकडे वर्षानुवर्षं खुर्ची धरून बसलेल्यांचा तक्ता कोण मांडतो?

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत किमान दोन नामांकित खेळाडू घेणं सक्तीचं केलंय. चांगलं झालं. पण दिल्लीतल्या दोन खुर्च्यांनी तालुक्यातला कारभार सुधारत नाही. आणि वाडेकरांना घडवणारी बँकेची नोकरी आज खेळाडूला मिळते कुठे? तिशीत गुडघा गेला की पोरगा गाडी चालवतो, नाहीतर कुणाच्या तरी कार्यालयाबाहेर उभा राहतो.

म्हणून सरळ मागणी. तालुका आणि जिल्हा संघटनांनी निवृत्त खेळाडूंना दोन वर्षं कामाला लावावं, मानधन देऊन. वयाचे दाखले तपासणं, मॅटचं भाडं ठरवणं, पंचांचं मानधन, खेळाडूंचा विमा, जमाखर्च, ऑडिट हे सगळं हाताने करू द्यावं. मग निवड समितीत घ्यावं आणि निवडीची कारणं लेखी मागावीत. महापालिकेने क्रीडा बजेटमधला छोटा वाटा यासाठी ठेवला तर पनवेलपासूनच सुरुवात होईल.

चुकतील? चुकतील की. वाडेकरही चुकले. पण तो ज्या मातीत खेळला तिथेच त्याला उद्या तोंड दाखवायचंय. एवढी लाज कारभाराला पुरते.

तुमच्या गावात असा कोण खेळाडू आहे, ज्याच्या हाती तुम्ही संघटनेचं पासबुक बिनधास्त द्याल? आणि तसा कुणी आठवत नसेल, तर त्याला तयार करायची जबाबदारी कुणाची होती?