दस्तुरीपाशी थांबणारी मोटार

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेले, तेव्हा बाजाराच्या हिशेबात त्या रानाला मोल नव्हते. ठाकर, कातकरी, धनगर यांचे पोट त्यावर चाले, पण ते कोणाच्या वहीत चढले नव्हते. पुढे मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांनी आणि मागोमाग तिथल्या धनिकांनी वर बंगले बांधले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सुमारे १६ लाख रुपये ओतून नेरळहून छोटी गाडी वर नेली. डोंगरावर ना खाण होती, ना गिरणी. एवढा पैसा घातला गेला तो गारव्यासाठी, सावलीसाठी आणि कड्यावरून दिसणाऱ्या दरीसाठी.

आज हा डोंगर शेकडो घरे पोसतो, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे मोटार गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यावरच थांबते. तिथे उतरलेल्या कुटुंबाची बॅग हमाल डोक्यावर घेतो, मुले घोड्यावर बसतात, आजी रिक्षात. बाजारपेठेत पोहोचेपर्यंत चार-पाच घरांची चूल पेटायची सोय झालेली असते; चिक्की आणि चपला अजून घ्यायच्याच असतात. गाडी थेट हॉटेलच्या दारात गेली असती, तर यातले बहुतेक पैसे हॉटेलच्याच गल्ल्यात पडले असते. म्हणूनच, २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि मोटारबंदी कायम राहिली, त्या निर्णयाला मी विकासाची आडकाठी मानत नाही. राखलेली झाडी हेच इथले भांडवल आहे. २००५च्या जुलैतल्या पावसाने रूळ वाहून नेले आणि छोटी गाडी २००७पर्यंत बंद राहिली. डोंगराची माती सुटली की धंदा कसा बसतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

लाल मातीच्या चढावर हातरिक्षातून माणसाने माणसाला ओढणे मात्र थांबलेच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ साली तेच बजावले. आता हातरिक्षांच्या जागी येणाऱ्या ई-रिक्षांची मालकी त्या ओढणाऱ्यांकडेच राहायला हवी. ठेकेदार मध्ये शिरला, तर तीच माणसे स्वतःच्या वाटेवर रोजंदार होतील.

उतारावरच्या वाड्यांचा हिशेब तर अजून मांडलेलाच नाही. तिथली माणसे रोज पहाटे पायवाटेने वर येतात, हॉटेलांत राबतात, भाजी आणि रानमेवा विकतात आणि अंधारायच्या आत उतरतात. दस्तुरीवर पाहुण्यांकडून कर घेतला जातो, पण वाड्या नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर. त्या करातला ठरावीक वाटा कायद्याने वाड्यांच्या पाण्यासाठी आणि पायवाटांसाठी बाजूला काढावा.