संशयाचा फायदा

दर दिवाळीला या सदरासाठी एखादा शब्द घेऊन बसायचे, असा माझा गेल्या कित्येक वर्षांचा नेम आहे. यंदाचा शब्द मात्र मी शोधला नाही. तो श्रावणातल्या एका संध्याकाळी आपल्या पायांनी चालत घरी आला.

आणणारा माझा जुना विद्यार्थी. आता एका पतपेढीत कारकून आहे. त्याने पिशवीतून उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत काढली, सोबत कुणीतरी करून दिलेले मराठी भाषांतर होते, आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारले, "सर, 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता' म्हणजे काय हो?"

त्याचे वडील गवंडीकाम करीत. एका खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. अपिलात ते सुटले. मध्ये सात वर्षे गेली. घराची एक भिंत, आईचे डोरले आणि धाकटीचे शिक्षण त्याच सात वर्षांत गेले.

मी मास्तरकीच्या सवयीने सांगू लागलो, की बाबा रे, गुन्हा निःसंशय शाबीत झाला नाही, तर शंकेचे माप आरोपीच्या पदरात टाकायचे, असे हे तत्त्व आहे. आणि ते सोन्यासारखे आहे. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हणजे संशय पोलिसांना आला, सात वर्षं आबांची गेली, आणि फायदा पण आबांनाच झाला?"

वीस वर्षे मराठी शिकवतो आहे, पण या प्रश्नाला उत्तर सुचले नाही.

त्याचे काम निराळेच होते. "तुमचं मराठी चांगलं, एक अर्ज लिहून द्या. सरकारकडे भरपाई मागायची आहे." मी उत्साहाने कागद ओढला. 'विषय' लिहिला : चुकीने भोगाव्या लागलेल्या शिक्षेबद्दल नुकसानभरपाई मिळणेबाबत. खाली 'संदर्भ' लिहिले आणि तिथेच पेन थांबले. कोणत्या कायद्याचे कोणते कलम?

दुसऱ्या दिवशी वकिली करणाऱ्या एका स्नेह्याकडे गेलो. कागद पाहून तो म्हणाला, "मास्तर, संदर्भ कोराच सोडा."

मला ते पटेना. तेव्हा त्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे पुस्तक काढून कलम ३९९ दाखवले. कारण नसताना एखाद्याला अटक करवली, तर भरपाई मिळते. जास्तीत जास्त एक हजार रुपये. तीही सरकारने द्यायची नाही, अटक करविणाऱ्याने द्यायची. १९७३ च्या जुन्या संहितेत हेच कलम ३५८ होते. १ जुलै २०२४ पासून संहिता नवी झाली, कलमाचा आकडा बदलला, हजार रुपये मात्र जागचे हलले नाहीत. शिक्षा भोगून निर्दोष सुटलेल्याला सरकारने अमुक द्यावे, असे सांगणारा कायदाच नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात तो करावा असे सुचवले होते. अहवाल आहे, कायदा नाही.

"मग कुणाला कधी मिळतच नाही?" मी विचारले.

मिळते, पण न्यायमूर्तींच्या मनात आले तर. बिहारचा रुदल साह ३ जून १९६८ रोजी निर्दोष ठरला आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगातून बाहेर पडला १६ ऑक्टोबर १९८२ ला. मधली चौदा वर्षे तो सुटलेला कैदी होता! सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १९८३ साली त्याला एकूण ३५ हजार रुपये देवविले, आणि हा नुसता तात्पुरता उतारा आहे, पुरी भरपाई त्याने दावा लावून मागावी, असेही म्हटले. घटनेतील मूलभूत हक्कांच्या आधारे थेट सर्वोच्च न्यायालयाने पैसे देवविण्याची वाट तिथून पडली. पण ती पायवाटच राहिली.

दुसरे प्रकरण आपल्याच नाशिकचे. २००३ सालच्या बलात्कार आणि खुनांच्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी उतरवून जन्मठेप केली, ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा चढवली. आणि त्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष ठरवले. त्या रात्रीतून वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा हुकूम झाला. मी तिथेच पेन्सिल घेतली. सोळा वर्षे धरली, तर दिवसाला ८५-८६ रुपये पडतात. फाशीच्या सावलीतल्या दिवसाला.

विलायतेत यासाठी १९८८ पासून कायदा आहे. पण तिथली तऱ्हा ऐकून तर मी थक्कच झालो. भरपाईचा हिशेब करताना, तुरुंगात असल्यामुळे माणसाचा राहण्या-जेवण्याचा जो खर्च वाचला, तो वजा करीत! २००७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानेही हे योग्य ठरवले. खाणावळीचे हे बिल ऑगस्ट २०२३ मध्ये एकदाचे बंद झाले. आपल्याकडे निदान बिल तरी लावीत नाहीत, एवढ्यावर समाधान मानायचे की काय, कोण जाणे.

उठता उठता स्नेही म्हणाला, "विषय जरा बदला. 'सानुग्रह अनुदान मिळणेबाबत' असं घाला. 'नुकसानभरपाई' म्हटलं की साहेब लोक बिचकतात. त्यात चूक कबूल केल्यासारखं होतं ना!"

व्यवहाराच्या दृष्टीने सल्ला चोख होता. मी घरी येऊन तसा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून काढला. रविवारी मुलगा आला. या खेपेस आबाही बरोबर होते. हातात टोपी घेऊन, खुर्ची असूनही उंबऱ्याजवळच बसले. मी अर्ज वाचून दाखवला.

"अनुग्रह म्हंजी?" आबांनी विचारले.

"कृपा. गुरू शिष्यावर करतो, देव भक्तावर करतो, ती."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलाकडे न पाहता मला म्हणाले, "ते तेवढं खोडा, गुरुजी. पैसं न्हाई मिळालं तरी चालंल."

मी नवा कागद घेतला. 'नुकसानभरपाई' हा शब्द परत घातला, 'कृपावंत होऊन' काढले, 'विनंती'च्या जागी 'मागणी' लिहिले. 'संदर्भ'पुढची जागा मात्र कोरीच राहिली. आबांनी सही केली. तुरुंगात शिकले होते म्हणे.

अर्ज देऊन आता दोन महिने होत आले. पोच म्हणून मिळालेल्या प्रतीवर जांभळ्या शाईचा शिक्का आणि आवक क्रमांक आहे. मुलगा दर सोमवारी चौकशीला जातो. गेल्या सोमवारी तिथल्या कारकुनाने त्याला विचारले, "हे नेमकं कोणत्या टेबलाकडे पाठवायचं?"