फुले लावली, पानांचे काय?

यंदा आपल्या महाविद्यालयात ग्रंथालयामागे फुलपाखरांसाठी बाग झाली. एक्झोरा, जास्वंद, सदाफुली लावली, फलकही लागला. त्याच आठवड्यात उपाहारगृहामागच्या कढीलिंबावर अळ्या पडल्या म्हणून औषध फवारण्यात आले. त्या कढीलिंबाची पाने रोज आपल्या पोह्यांत पडतात, हा भाग निराळाच. पण या दोन गोष्टींचा काही संबंध आहे हे कुणाच्याच ध्यानात आले नाही, याचे मला वाईट वाटले.

मी कला शाखेचा विद्यार्थी. शास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. मात्र गेल्या वर्षी घरच्या कुंडीतल्या लिंबावर पक्ष्याची शीट दिसली म्हणून पुसायला गेलो, तर ती चालू लागली! लिंबावरच्या फुलपाखराची ती कोवळी अळी. पुढे ती हिरवीगार झाली. डिवचली की डोक्यामागून तांबूस दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडी. आई कुरतडलेल्या पानांवरून रोज बोलत होती. शेवटी कोशातून फुलपाखरू निघाले तेव्हा मात्र तिनेच शेजारणीला हाक मारली. लिंबाला पुन्हा पालवी फुटली.

स्वॅलोटेल कुळातली ही फुलपाखरे मध पुष्कळ फुलांवर पितात. अंडी घालताना मात्र मादी विलक्षण चोखंदळ असते. पायांनी पान चाचपून त्याची चव घेते, आणि पटले तरच अंडे ठेवते. लिंबू, कढीलिंब, बेल ही एकाच कुळातली झाडे तिच्या पसंतीची. २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही लिंबाच्या कुळावरच वाढतात. प्रवेशद्वारापाशी आपण शोभेसाठी लावलेल्या उंच अशोकाची पाने टेल्ड जे नावाच्या फुलपाखराची अळी खाते. तेव्हा नुसती फुले लावणे म्हणजे पाहुण्यांना चहा देऊन दारातूनच निरोप देणे. (घाणेरीवरही फुलपाखरे झुंबड करतात, पण रानोमाळ माजलेली ती परकी झुडपे मुद्दाम लावावीत असे मला वाटत नाही.)

माझे म्हणणे इतकेच की बागेच्या कडेला दोन लिंबे आणि एक बेल लावावा, आणि कढीलिंबावरची फवारणी थांबवावी. पाने थोडी विद्रूप दिसतील, दिसू देत.

परवा कढीलिंबाला कोवळी पालवी आलेली दिसली. आता फवारू नका, असे माळीकाकांना सांगितले. ते म्हणाले, "प्राचार्यांची चिठ्ठी आणा."