ओवलेली मशीन देऊ नका

जूनमध्ये नवी बॅच सुरू झाली की बहुतेक शिवणवर्गांत एकच दृश्य दिसते. शिक्षिका अर्धा तास आधी येतात, एकेका मशीनवर रीळ चढवतात, दोरा ओवतात, बॉबिन भरून डबी बसवतात. मुली आल्या की थेट टीप मारायला बसतात. यामागे माया असते. पहिल्याच दिवशी काहीतरी शिवल्याचा आनंद मिळावा, हुरूप टिकावा, असे वाटते. तरीही तुम्हा सर्व वर्गचालकांना मी कळकळीने सांगते, ओवलेली मशीन नवशिक्या मुलीच्या हाती देऊ नका.

मी स्वतः अशाच वर्गात शिकले. दोरा तुटला की हात वर करायचा आणि बाई येईपर्यंत थांबायचे. बाई यायच्या, त्यांची बोटे दोन-चार ठिकाणी झरझर फिरायची आणि मशीन पुन्हा चालू व्हायची. सहा महिन्यांत मला झबले, परकर आणि साधा ब्लाउज येऊ लागला. मग घरी मशीन आली. पहिल्याच दुपारी दोरा तुटला आणि मी हात वर करायची सवय घेऊन एकटीच तिच्यासमोर बसले. पुढचे तीन आठवडे त्या मशीनवर झाकण होते.

अशी झाकून ठेवलेली मशीन आज कितीतरी घरांत आहे. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांमध्ये शिंपीकामही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते आणि प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे असते. मशीन घरी येते, ही फार मोठी गोष्ट आहे. पण इतक्या थोड्या दिवसांत ब्लाउजची कटोरी शिकवायची की दोरा ओवणे, असा प्रश्न आला तर माझे उत्तर ठरलेले आहे. कटोरी नंतरही शिकता येते. दोरा ओवता आला नाही तर तिथपर्यंत कोणी पोचतच नाही.

आपण ओवणे शिकवतो तेही पाठांतरासारखे शिकवतो. इथून घे, तिथे अडकव, खाली आण, वर ने. मशीन बदलली की हे पाठांतर निरुपयोगी. काळ्या पायमशीनवर सुईत दोरा आडवा, बाजूने ओवतात. नव्या छोट्या विजेच्या मशीनवर बहुधा पुढून मागे. शिकणारीला दिशा पाठ करायला लावण्यापेक्षा सुई हातात द्या आणि नखाने चाचपायला सांगा. एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खोबण लागते, दुसऱ्या अंगाला नेढ्याच्या जरा वर छोटा खोलगट भाग असतो. दोरा खोबणीत लपून खाली उतरतो, म्हणून तो खोबणीच्या बाजूनेच आत घालायचा. खोलगट भाग शटलच्या टोकाकडे हवा, कारण सुई तळाशी जाऊन किंचित वर येते तेव्हा दोऱ्याचा फासा तिथे सुटतो आणि शटलचे टोक तो तिथेच उचलते. सुई उलटी बसली तर टाका पडत नाही, मग बिचाऱ्या दोऱ्याला कितीही नावे ठेवा. हे एकदा बोटांना कळले की कोणत्याही कंपनीची मशीन परकी वाटत नाही.

वरच्या दोऱ्याचेही तसेच. ओवताना फूट वर हवे, हे आपण सांगतो. का, ते सांगत नाही. फूट वर असताना टेन्शनच्या चकत्या सैल असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये शिरतो. फूट खाली ठेवून ओवला तर तो चकत्यांच्या कडेवरच राहतो, त्याला ताण मिळत नाही आणि कापडाच्या खाली दोऱ्याचे घरटे तयार होते. गुंता खाली दिसला म्हणून नवशिकी बॉबिनच बाहेर काढते, डबीचा स्क्रू पिळते आणि चांगली बसलेली डबी बिघडवून ठेवते. चूक वर असते, तिचा पसारा खाली दिसतो. माझ्या मते वर्गात सगळ्यांत जास्त वेळ याच एका गोष्टीला द्यावा. मुद्दाम फूट खाली ठेवून ओवायला लावा, गुंता होऊ द्या. मग फूट वर करून पुन्हा ओवायला लावा. आपल्या हाताने केलेला आणि आपल्याच हाताने सोडवलेला गुंता कोणी विसरत नाही.

ओवून झाल्यावर फूट खाली घेऊन सुईजवळचा दोरा हलकेच ओढायचा. आता तो जड लागला पाहिजे. बॉबिनचा दोरा डबीच्या चिरेतून पत्तीखाली गेला की नाही, हे पाहायलाही अशीच सोपी खूण आहे. दोरा धरून डबी लोंबकळत ठेवायची आणि मनगटाला हलका झटका द्यायचा. डबी थोडीशी उतरून थांबली तर ठीक. सरसर खाली आली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. चाक मात्र नेहमी आपल्याकडे फिरवायचे.

छोट्या मशीनबद्दल हल्ली बरीच विचारणा होते. हातात धरून चालवायच्या, सेलवरच्या मशीनवर कोणाला शिकायला बसवू नका. तिला बॉबिन नसते, एकाच दोऱ्याची साखळी पडते आणि शेवटचे टोक बांधले नाही तर सगळी टीप उसवून हातात येते. टेबलावर ठेवायची, दोन दोऱ्यांची छोटी मशीन शिकण्यापुरती चालेल. तिच्यावर जीन्स चढवू नये, एवढे सांभाळावे.

सरावासाठी मांजरपाट आणि १४ नंबरची सुई घ्या. वर लाल दोरा, बॉबिनमध्ये पांढरा. पांढरे ठिपके वर दिसले तर वरचा ताण जास्त, लाल ठिपके खाली दिसले तर कमी. दोन्ही रंग आपापल्या बाजूला राहिले की टाका कापडाच्या पोटात बसला. टीप सुरू करताना दोन्ही टोके वीतभर लांब ठेवून फुटाखालून मागे घ्यायची आणि पहिले दोन-तीन टाके बोटांनी धरून ठेवायची. चाळिशी ओलांडलेल्या भगिनींसाठी नेढ्यामागे पांढऱ्या कागदाचा कपटा धरा आणि दोऱ्याचे टोक तिरके कापा. न दिसण्याच्या संकोचापायी शिकणे सोडून दिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

या अंकाच्या मधल्या पानावर मशीनचे रेखाचित्र दिले आहे. त्यावर आकडे नाहीत, बाण नाहीत, दोराही नाही. त्याच्या प्रती काढून पहिल्या आठवड्याच्या शेवटी वर्गात वाटा आणि प्रत्येकीला रिळापासून नेढ्यापर्यंतची दोऱ्याची वाट लाल पेन्सिलीने काढायला सांगा. जिथे पेन्सील अडखळेल तिथे सोमवारी तिच्या शेजारी बसा, पण दोऱ्याला हात तिचाच लागू द्या.